वीस मिनिटं पुढे असलेलं घर

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर मी लाटणं उगारलं तो शनिवार होता. समोर पलंगावर सासूबाई पडून बघत होत्या म्हणून ते खाली आलं नाही. त्या बघत नसत्या तर त्या दिवशी एक तर तो डबा राहिला असता, नाहीतर मी. आजही पडद्यावरची ती लाल ओळ आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ‘कोड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ अरे बाबा, सकाळपासून दुसरं करतेय काय मी?

हा डबा माझ्या नवऱ्याचा लाडका. तो पडघ्याला एका मोठ्या गोडाऊनमध्ये मालाची आवकजावक बघतो. तिथल्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला, त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात एक नवा धर्म आला. पाहुणा आला की चहाच्या आधी लिनक्स. यात व्हायरस नाही, यात कुणाची गुलामगिरी नाही, आणि सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे, यात सगळं आपल्या मनासारखं करता येतं. कुणाच्या मनासारखं, हे मी कधी विचारलं नाही. मला त्यातलं मेल उघडता येत होतं, लिहिता येत होतं, पाठवता येत होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, कीबोर्डला मी घाबरत नाही. त्या डब्याच्या पोटात काय चालतं याच्याशी मात्र मला काही देणंघेणं नव्हतं.

मेल आमच्याकडे हौस म्हणून नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे. जहाज बंदराला लागलं की ती फोन करते, पण भर समुद्रात तिच्या त्या जहाजावर फोन नाही, नेट नाही, फक्त जहाजाचं मेल. तेही कुणाचंही आत घेत नाहीत. प्रत्येकाने घरचा एक पत्ता नोंदवून द्यायचा. त्या पत्त्यावरून आलेलं मेल आत जाणार, बाकीचं दारातूनच परत. तिने दिलेला पत्ता म्हणजे बापाने काढलेला, या डब्यावर चालणारा. आणि जाताना बापाने तिला बजावून ठेवलं होतं की आमचं मेल आलं नाही तर जीव टांगणीला लावायचा नाही. भिवंडी आहे, कधी वीज नसेल, कधी नेट नसेल. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं. तेव्हा मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

आता सासूबाईंचं सांगते. त्या शाळामास्तरीण. सगळी नोकरी गणेशपुरीकडच्या एका गावात झाली. पहाटेची एसटी भिवंडी स्टँडवरून पकडायची, अंबाडीला उतरायचं, तिथून दुसरी. पहिली चुकली की दुसरी गेलीच, आणि दुसरी गेली की पोरं शाळेच्या कुलपासमोर ताटकळणार. म्हणून नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे केली. त्यांची गाडी एकदाही चुकली नाही, हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्या गावातले लोक म्हणायचे, बाई आल्या म्हंजे टायम झाला. पुढे त्या रिटायर झाल्या, एसटीचा संबंध संपला, पण घड्याळं पुढची मागे आली नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वेड लागायची पाळी आली होती. मग अंगवळणी पडलं. भिंतीकडे बघायचं आणि मनातल्या मनात वीस वजा करायचे. डोळा मिचकावावा तितकं ते आपोआप होतं. आमची पोरगी तर घड्याळ वाचायलाच तशी शिकली.

पोरीला वाढवलंही त्यांनीच. मी ऑफिसात, नवरा ड्युटीवर, पोरगी आजीपाशी. पोरीला बोट धरून शाळेत नेली ती आजीने, इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी माझ्याशी भांडली ती आजी, आणि मुलीची जात जहाजावर कशाला असं जो कोणी म्हणाला त्याला उभाआडवा सोलून काढला तोही आजीनेच. दिवाळीनंतर सासूबाई पडल्या त्या उठल्या नाहीत. पोटातला आजार, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलावून घ्या. मी रजा टाकून घरी बसले. कॉम्प्युटर त्यांच्याच खोलीत होता. त्यांना एकाच कुशीवर झोपता यायचं, त्यामुळे दिवसभर तोंड पडद्याकडे. भिंतीवरचं घड्याळ उशामागच्या बाजूला होतं, म्हणून नवऱ्याने पडद्यावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावून दिलं होतं. ते बघत त्या औषधांच्या वेळा मला सांगायच्या, जणू मी पहिलीच्या वर्गात आहे.

शुक्रवारी सकाळी पोरीचं मेल आलं. शुक्रवारी भिवंडीत कापडाच्या लूमना सुट्टी, आमच्या खालच्या कारखान्याची खटखट बंद, त्यामुळे मी ते शांतपणे दोनदा वाचलं. जहाज पुढच्या बंदराला लागणार होतं. तिथे एका इंजिनीअरच्या जागी दुसरा चढणार होता, म्हणजे जहाजावरच्या एकाला घरी जाता येणार होतं. पहिला नंबर हिचा, पण दुसरा एकजणही टपलेला. शनिवारी दुपारी बारापर्यंत, आपल्याकडच्या बारापर्यंत, कप्तानाला नक्की काय ते सांगायचं होतं. हे बंदर सोडलं की जहाज लांबच्या फेरीवर निघणार, मग तीन महिने उतरणं नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘मम्मी, खरं सांग. आजी कशी आहे? मी उतरू का?’

मी उत्तर लिहायला बसले आणि वीज गेली. लूम बंद म्हणून दुरुस्तीची कामंही शुक्रवारीच काढतात. वीज आली ती संध्याकाळी, नवऱ्याच्या मागोमाग. मी परत बसणार तर नवरा म्हणाला, थांब, आईला विचारू. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तिची नोकरी कशाला बिघडवता, मी काय लगेच चाललेय का कुठे. असं म्हणाल्या आणि जरा वेळाने मला विचारलं, येणार असेल तर कितीला उतरेल. मला काय ते कळलं. नवऱ्याला कळलं नाही. माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट रात्रभर भिजत घातल्याशिवाय शिजवताच येत नाही. बाल्कनीत येरझाऱ्या घालून झाल्या, जेवण झालं, मग म्हणाला, बोलावूया. सकाळी तू नीट लिही, तुझं लिहिणं चांगलं आहे.

शनिवारी तो ड्युटीला गेल्यावर मी लिहिलं. नीट वगैरे काही नाही. ‘आजी बरी नाही. उतर आणि ये.’ इतकंच. पाठवायचं बटण दाबलं आणि एक खिडकी उघडली, पुन्हा लॉगिन करा म्हणून. पासवर्ड मला पाठ होता, तो टाकला. मग सहा आकडी कोड मागितला. हा कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. तो दाखवणारा छोटा प्रोग्राम लोक फोनवर ठेवतात. आमच्याकडे तो त्या डब्यातच होता, कारण नवऱ्याचं म्हणणं, फोन हरवतो, कॉम्प्युटर घर सोडून कुठे जातो? मी तो प्रोग्राम उघडला, सहा आकडे बघून टाकले. कोड चुकीचा आहे. वाटलं, माझी बोटं चुकली. परत टाकले. कोड चुकीचा आहे. नवीन आकडे आल्याआल्या टाकले, आकडे बदलायच्या बेतात असताना टाकले, मोठ्याने म्हणत टाकले. चुकीचा, चुकीचा, चुकीचा.

आणि गंमत बघा, पोरीचं मेल माझ्या डोळ्यांसमोर उघडं होतं. आधी आलेली सगळी मेलं त्या प्रोग्राममध्ये दिसत होती. ‘मी उतरू का?’ दिसत होतं. खाली माझं उत्तर दिसत होतं. फक्त ते जात नव्हतं. तोंडाशी आलेला शब्द कुणी घशात दाबून धरावा तसं झालं होतं मला.

नवऱ्याला फोन लावून उपयोग नव्हता. त्यांच्या गोडाऊनमध्ये फोन गेटवर जमा करतात, ते दुपारी एकला जेवणाच्या सुट्टीत हातात मिळतात. मी गेटच्या नंबरवर फोन केला. सिक्युरिटीवाला म्हणाला, साहब अंदर हैं, बोल दूँगा. त्याने कुणाला बोल दिया देव जाणे.

मग मी फोनवरून तोच पत्ता उघडायला गेले. पासवर्ड घेतला आणि तिथेही कोड मागितला. अडचणीसाठी म्हणून मेलच्या कंपनीने दिलेले काही सुटे कोड असतात, ते नवऱ्याने जपून ठेवले होते. कुठे? त्याच मेलच्या पेटीत, वेगळा कप्पा करून. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून वर कुलूप लावणारा हा माणूस, आणि गोडाऊनमधला लाखोंचा माल याच्या भरवशावर. मी कपाळावर हात मारला. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून जहाजाला मेल केलं, ते मिनिटाभरात परत आलं, हा पत्ता नोंदवलेला नाही म्हणून. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसला फोन केला. शनिवार, ऑफिस बंद. तातडीच्या नंबरवर एक मुलगी मिळाली. मी तिला सगळं सांगितलं, सासूबाईंचं, डॉक्टरांचं, बाराचं. तिने गोड आवाजात ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅडम, हे सगळं नोंदवलेल्या पत्त्यावरून मेल करा. माझं पित्त खवळलं. मी तिला म्हटलं, बाई, तेच जात नाहीये म्हणून तुझ्या दारात उभी आहे ना मी! ती तशाच आवाजात म्हणाली की नियम तोच आहे.

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरवाला आहे. सासूबाईंना एकटं टाकून जाता येत नव्हतं, म्हणून त्यालाही फोन केला. लिनक्स म्हटल्यावर त्याचा सूरच बदलला. “मॅडम, वो हम नहीं देखते. विंडोज डाल दूँ? शाम तक दे दूँगा.” मी विचारलं, त्यातलं मेल राहील का? म्हणाला, नहीं मॅडम, सब साफ हो जाएगा ना. मी फोन ठेवला.

एव्हाना कारखाना पूर्ण जोरात सुरू झाला होता. लूम चालू झाले की आमच्या घरात भांडीसुद्धा हळूहळू सरकतात, आणि डोक्यात सणक गेलेली असली की ती खटखट थेट मेंदूत वाजते. सासूबाईंसाठी मऊ पोळी करायला घेतली होती ती तशीच टाकून मी लाटण्यासकट परत खोलीत आले. पडद्यावर नवीन ओळ आली होती. फार वेळा प्रयत्न झाले आहेत, थोड्या वेळाने पुन्हा या. तेव्हाच ते लाटणं वर गेलं. सासूबाई म्हणाल्या, “मार, पण मग लिहिशील कशावर?” मी लाटणं खाली ठेवलं.

थांबायचंच होतं तर मी फोनवर शोधत बसले. जगात हाच त्रास झालेली माणसं पुष्कळ निघाली. कुणी म्हणत होतं खातं काढून टाका आणि परत जोडा. कुणी म्हणत होतं हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी उघडा आणि ही ओळ जशीच्या तशी टाका. मी दोन ओळी टाकल्या. पहिलीने काही झालं नाही, दुसरीने इंग्रजीत पानभर ओरडून दाखवलं. खातं काढून टाकायला माझा हात धजला नाही, पोरीची सगळी मेलं त्यात होती. मग एका पानावर बऱ्यापैकी साध्या इंग्रजीत लिहिलेलं सापडलं. सगळ्यात आधी तुमच्या कॉम्प्युटरची वेळ बघा. हा कोड घड्याळावरून तयार होतो. वेळ दोनचार मिनिटं जरी इकडेतिकडे असली तरी कोड चुकीचा ठरतो.

मी पडद्यावरचं मोठं घड्याळ बघितलं. मान वळवून उशामागच्या भिंतीवरचं बघितलं. दोन्ही तंतोतंत जुळत होती. अगदी मिनिटाला मिनिट. वेळेची काही भानगड नाही, असं म्हणून मी पुढच्या सूचनेकडे वळले.

आज हे लिहिताना माझे दात एकमेकांवर घासले जातात. कारण उत्तर तिथे होतं, माझ्या नाकासमोर, तळहाताएवढ्या आकड्यांत. दुसऱ्या कुठल्याही घरातलं शेंबडं पोर म्हणालं असतं की हे घड्याळ चुकलंय. आमच्या घरात ते भिंतीशी जुळत होतं, म्हणजे बरोबर होतं.

कोड घ्यायला ते यंत्र पुन्हा तयार झालं आणि पुन्हा तेच सुरू झालं. सासूबाई मध्येमध्ये विचारत होत्या, गेलं का? मी म्हणत होते, जातंय. त्यांनी औषध नको म्हटलं, पोळी नको म्हटली, पेज दोन चमचे घेतली. पडद्यावर बारा वीस झाले तेव्हा मला कळलं की बारा वाजले. सासूबाईंनाही कळलं, त्यांचं वजाबाकीचं गणित माझ्यापेक्षा जुनं. गेलं का, हे विचारणं त्यांनी थांबवलं. मी मात्र बोलले. त्या डब्याला, लिनक्सला, नवऱ्याला, त्याच्या गोडाऊनला, गेटवरच्या त्या सिक्युरिटीला, भिवंडीच्या विजेला, जे तोंडात आलं ते बोलले. सासूबाईंच्या समोर मी तशी भाषा कधी वापरली नव्हती. त्यांनी मला थांबवलं नाही.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्या खुर्चीतच बसलेली होते. त्याचा फोन एकला म्हणजे एकला येतो. पडद्यावर मोठ्ठे एक वीस. मी सवयीने वीस वजा केले, एक झाला, फोन उचलला आणि कानाला लावला. आणि तसाच धरून राहिले. तो हॅलो, हॅलो करत होता.

भिंतीवरच्या घड्याळातून वीस वजा करायचे हे ठीक आहे. ते सासूबाईंनी हाताने पुढे केलंय. पण कॉम्प्युटरमधून वीस का वजा करायचे? त्याला कुणी पुढे केलं?

“अहो,” मी म्हटलं, “त्या कॉम्प्युटरची वेळ कुणी बदलली?”

तो म्हणाला, “अगं, मीच. आईला बरं वाटतं म्हणून.”

मग सगळं बाहेर आलं. महिन्यापूर्वी पडद्यावर ते घड्याळ लावून दिलं त्याच दिवशी सासूबाईंनी त्याला सुनावलं होतं की तुझं यंत्र वीस मिनिटं मागे आहे. त्याने समजावलं की हे बरोबर आहे, आपली पुढे आहेत. त्या म्हणाल्या, या घरात पुढे असतं तेच बरोबर. मग आज्ञाधारक मुलाने काय केलं? नेटवरून आपोआप वेळ बरोबर होण्याची सोय बंद केली आणि घड्याळ वीस मिनिटं पुढे ढकललं. सगळं मनासारखं करता येतं ना! तेव्हा मेलचं लॉगिन आधीपासून चालू होतं, कोड मागायची वेळच आली नाही, म्हणून महिनाभर काही अडलं नाही. त्या लॉगिनची मुदत नेमकी शनिवारी सकाळी संपली आणि अडलं.

मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. तोंडावर अहो म्हणायची सवय त्या दिवशी मोडली एवढंच सांगते. त्याने वेळेची सेटिंग कुठे आहे ते सांगितलं, त्यासाठी लागणारा कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगितला, मी आपोआप वेळेचं बटण चालू केलं. पडद्यावरचे मोठे आकडे एकदम मागे उडी मारून बसले. सहा आकडे टाकले, पहिल्या फटक्यात आत. माझं उत्तर सुर्रकन गेलं. अर्धा दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते अर्ध्या मिनिटात झालं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

उत्तर गेलं तसं पोरीचं एक मेल आत आलं. ते आधीच येऊन दाराबाहेर थांबलेलं होतं. ‘मम्मी, बारानंतरही थोडा वेळ थांबले. तुमचं काही आलं नाही, म्हणजे आजी ठीक आहे. मी कप्तानाला थांबते म्हणून सांगितलंय. आजीला म्हण, तीन महिन्यांत येतेच.’

काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक. बापाचं सांगणं लेकीने तंतोतंत पाळलं होतं.

मी लगेच दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. दुपार कलल्यावर तिचं उत्तर आलं. आमचं मेल वाचून ती कप्तानाकडे धावली होती. पण दुसऱ्याचं नाव मुंबईला कळवून झालं होतं, त्याचे कागद निघाले होते, त्याने घरी कळवलंही होतं. कप्तान म्हणाला, आता माझ्या हातात नाही. त्या मेलमध्ये तिने एकदाही आम्हाला दोष दिला नव्हता. दिला असता तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरातून स्टूल घेतलं. आधी तिथलंच घड्याळ काढलं, फोनकडे बघून बरोबर केलं, परत टांगलं. मग बाहेरच्या खोलीतलं. मग सासूबाईंच्या खोलीत गेले, त्यांच्या उशामागे स्टूलवर चढले आणि ते जुनं घड्याळ खाली काढलं. मागचा भाग धुळीने भरला होता, तो पदरानेच पुसला. त्यांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी विचारलं काय करतेस. मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले, घड्याळ हातात घेऊन.

“तुमची घड्याळं बरोबर करतेय,” मी म्हटलं. “कधी गाडी चुकू नये म्हणून पुढे ठेवलीत ना? आज पोरीची गाडी चुकली. याच्यामुळेच चुकली. ती येत नाहीये.”

आजारी माणसाशी कुणी असं बोलतं का, असं मला नंतर नवऱ्याने विचारलं. मी बोलले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. त्या घरात सगळेजण त्यांच्या मनासारखं करत होते. खरं बोलायला मीच उरले होते, आणि त्या मला तेवढ्यासाठीच मानायच्या.

त्यांनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग विचारलं, तीन महिने म्हणाली का. मी हो म्हटलं. मी घड्याळाच्या मागची किल्ली धरली आणि काटे मागे फिरवायला लागले.

“मग मागे कशाला घेतेस?” त्या म्हणाल्या. “पुढे कर. तीन महिने.”

आणि हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दात दिसले त्यांचे. मला हसू आलं नाही. मला त्यांचा राग आला, त्या अशा वेळी चेष्टा करतात याचा राग आला, आणि हे सोपं गणित माझ्या हातून होणारं नव्हतं याचा तर फारच आला. पलंगाच्या कडेला बसून, घड्याळ मांडीत घेऊन, मी रागाने रडले. खाली लूम चालू होते म्हणून बरं, नाहीतर शेजारपाजार गोळा झाला असता. रडून झाल्यावर मी काटे बरोबर जागी आणले, फोनशी ताडून बघितले आणि घड्याळ खिळ्याला अडकवलं. सासूबाईंनी विचारलं किती वाजले. मी खरी वेळ सांगितली, तर त्या म्हणाल्या, औषधाला वीस मिनिटं आहेत अजून.

नवऱ्याने त्यानंतर तो कोड दाखवणारा प्रोग्राम माझ्या फोनवर टाकून दिला आणि सुटे कोड कागदावर लिहून देवघरात ठेवले. मी त्याच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. लिनक्सचं नाव त्याने पाहुण्यांसमोर काढलं की मी उठून आत जाते.

सासूबाई पुढच्याच महिन्यात गेल्या. पोरगी जहाजावरून उतरली ती ठरल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी. बॅग दारातच ठेवून ती सरळ आजीच्या खोलीत गेली. पलंग आम्ही तसाच ठेवला होता. ती त्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि काय करावं ते न सुचून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिचे ओठ किंचित हलले. लहानपणापासूनची सवय, मी ओळखते.

मी तिला म्हटलं, वजा करू नकोस, ते आता बरोबर आहे.